फरशी खरवडायचं मशीन उड्या मारतंय, मोटर तापून बंद पडतेय, नेमकं काय चुकतंय?

नवी_फरशी

नमस्कार मंडळी, आम्ही दोघं भाऊ फरशीची कामं घेतो. आतापर्यंत जुनं व्हिनाईल, कार्पेट सगळं हातानेच खरवडून काढत आलो, गुडघे गेले अक्षरशः. मागच्या महिन्यात एक वापरलेलं स्क्रॅपर मशीन घेतलं, मागे हँडल धरून चालत ढकलायचं असतं ना, पुढे ब्लेड थरथरत राहतं, ते. विजेवरचं आहे, वजन साठेक किलो असेल, वरून काढता येणारी दोन वजनं आहेत. माहितीपुस्तक मिळालं नाही.

आता पहिलंच मोठं काम चालू आहे, एक लांब हॉल, काँक्रीटवर चिकटवलेलं शीट व्हिनाईल आणि त्याखाली पिवळट गोंद. पहिला अर्धा तास असं मस्त निघत होतं की वाटलं दोन दिवसांचं काम एका दिवसात होतंय, आणि मग मशीन टपाटप उड्या मारायला लागलं, गोंदाचे पट्टे तसेच मागे राहतायत, भाऊ पोटाचा जोर लावून ढकलतो तेव्हा कुठे हातभर पुढे जातं. मोटर इतकी तापते की हात ठेववत नाही, जळका वास येतो आणि बंद पडते. मागचं लाल बटण दाबलं की परत चालू होते, काल चार वेळा दाबलं.

आणखी एक, काल ब्लेडखाली व्हिनाईलची पट्टी अडकली तर भावाने स्विच बंद करून खाली वाकून हातानेच ओढली. मी ओरडलो पण तो म्हणे बंदच आहे ना. त्याच्या बोटांना रात्री झोपेपर्यंत मुंग्या येत होत्या, ते वेगळंच.

ब्लेड किती वेळाने बदलायचं, कुठली बाजू वर ठेवायची, रोज मशीनचं काय काय बघायचं, कुणी हे मशीन खरंच चालवलं असेल तर सविस्तर सांगा.

पाना_सोळा

भाऊ, बाकी सगळं नंतर, आधी त्या पट्टीचं. स्विच बंद म्हणजे मशीन बंद नाही, प्लग भिंतीतून निघाला की मशीन बंद. आमच्याकडे एका पोराने असाच हात घातला होता, दुसरा माणूस मशीन सरकवायला म्हणून हँडलला धरायला गेला आणि पंजा नेमका स्विचवर पडला. एक सेकंदसुद्धा चाललं नसेल, पण दोन बोटांना मिळून अकरा टाके आणि एका बोटाचं टोक अजून बधिर आहे. तेव्हापासून आमचा नियम एकच, ब्लेडच्या हातभर जवळ जायचं असेल तर प्लग काढायचा आणि प्लगचं टोक स्वतःच्या खांद्यावर टाकायचं, म्हणजे दुसरा कुणी लावूच शकत नाही. आणि पट्टी हाताने नाही, लांब पक्कडीने ओढायची. ब्लेडला हात लावायचा तर चामड्याचे किंवा कट-प्रूफ हातमोजे, कापडी मोजे त्या धारेपुढे काहीच नाहीत. हँडलवर दाबून धरायचा स्विच असेल तर तो टेप मारून, दोरी बांधून अडकवून ठेवू नका, हात सुटला की मशीन थांबावं म्हणूनच तो तसा असतो.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही जे जे लिहिलंय, उड्या, गोंद मागे राहणं, पोटाने ढकलणं, मोटर तापणं, मला यात ८० टक्के एकच गोष्ट दिसते, ब्लेड बोथट झालंय. काँक्रीटवर ब्लेडची धार लोकांना वाटते त्यापेक्षा फार लवकर जाते, खडबडीत कोबा असेल तर पंधरा-वीस मिनिटांतसुद्धा. तपासायची सोपी पद्धत सांगतो. प्लग काढा, ब्लेड खोलून पुसा आणि धार डोळ्यासमोर धरून उजेडाकडे करा. चांगली धार दिसत नाही, तिच्यावर उजेड थांबायला जागाच नसते. बोथट झाली की कडेने पांढरी चमकती रेघ दिसते, जिथे रेघ तिथे धार नाही. तुमच्या ब्लेडवर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ असणार, मी सांगतो.

ब्लेड बोथट झालं की माणूस जोर लावतो, जोर लावला की मोटरचा वेग पडतो, वेग पडला की ती जास्त करंट ओढते आणि तापते, मग मोटरवरचा ओव्हरलोड स्विच तिला बंद करतो. ते लाल बटण म्हणजे मोटरचा जीव वाचवणारी वस्तू आहे, चार वेळा दाबलंत म्हणजे चार वेळा तिने सांगितलं की थांबा. आता ती ट्रिप झाली की पूर्ण गार होऊ द्या आणि कारण सापडल्याशिवाय दाबूच नका. चालू करतानाही हँडल खाली दाबून ब्लेड जमिनीपासून उचललेलं ठेवा, मोटर वेगात आली की हळूच टेकवा.

दुसरं म्हणजे ब्लेडची रुंदी. नवीन माणूस सगळ्यात रुंद ब्लेड लावतो कारण काम लवकर होईल असं वाटतं. मशीनचं वजन तेवढंच, ते चौदा इंचांवर पसरलं तर प्रत्येक इंचाला किती मिळणार? घट्ट चिकटलेल्या मालाला सहा-आठ इंची लावा, नाहीतर रुंद ब्लेडचा अर्धाच भाग मालाखाली घाला, अर्धा मोकळ्या जमिनीवर चालू द्या. आणि व्हिनाईल आधी कटरने ब्लेडच्या रुंदीच्या पट्ट्यांत कापून घ्या, ही पायरी गाळली की शीट फाटत बाजूला ओढली जाते आणि ब्लेडमध्ये गुंडाळते, कालची पट्टी तशीच अडकली असणार.

बाजूचं म्हणाल तर काँक्रीटवर धारेचा उतार, म्हणजे तासलेली तिरकी बाजू, वर आणि सपाट बाजू जमिनीला. त्याने ब्लेड जमिनीला चिकटून मालाच्या खाली शिरतं. व्हिनाईल, कार्पेटला पातळ लवचिक ब्लेड आणि कोन जितका पडता तितका बरा. टाईल असेल तर जाड ब्लेड आणि कोन थोडा उभा. वजनं दोन्ही चढवायची ती घट्ट मालालाच, आणि तीसुद्धा नवं ब्लेड लावून बघितल्यानंतर.

वायर_आणि_होल्डर

वरच्यांनी ब्लेडचं बरोबर सांगितलंय पण मी इलेक्ट्रिकचा माणूस, मला केबलबद्दल विचारायचंय. किती लांब, किती जाडीची, आणि रीळवर गुंडाळलेलीच ठेवून वापरताय का? लांब आणि बारीक वायर असली की मशीनपर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं, मग मोटर तेवढंच काम करायला जास्त करंट घेते आणि तापते, म्हणजे ब्लेड नवं घातलंत तरी थोडा त्रास उरणारच. साध्या घरगुती बोर्डाची वायर या मशीनला चालत नाही. तीसेक मीटर न्यायची असेल तर तांब्याची, निदान अडीच स्क्वेअर एमएमची, तीन कोरची, अर्थिंगसकट. आणि रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेल्या वायरची उष्णता आतच कोंडते, मी आतले वेढे वितळून एकमेकांना चिकटलेले बघितलेत.

सप्लायला ३० मिलिअँपचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा स्विच, हवाच हवा. ब्लेडने कापली जाणारी पहिली वस्तू बहुतेक वेळा मशीनची स्वतःची केबल असते, म्हणून केबल खांद्यावरून मागे सोडा आणि काम प्लगपासून लांब लांब जाईल असं आखा. त्याआधी जमिनीत फ्लोअर सॉकेट, फरशीखालची गरम करायची वायर, कुठे वर आलेला अँकर बोल्ट असं काही आहे का ते फिरून बघा आणि खडूने गोल करा.

जुनं_बांधकाम

दादा, मी जुन्या इमारतींच्या पाडकामावर असते. सगळे मशीनबद्दल बोलतायत, मला विचारायचंय की ही फरशी किती जुनी आहे? जुन्या व्हिनाईल टाईल्समध्ये, शीटच्या मागच्या थरात आणि खालच्या काळ्या डांबरी गोंदात ॲसबेस्टॉस, म्हणजे खनिजाचे बारीक तंतू, असू शकतो. नऊ इंची चौकोनी टाईल आणि खाली काळा गोंद दिसला की मी काम तिथेच थांबवते. अमेरिकेत तर १९८० पर्यंत बसवलेलं व्हिनाईल फ्लोअरिंग तपासणीत उलटं सिद्ध होईपर्यंत ॲसबेस्टॉसचंच धरा असा नियम आहे. नुसतं डोळ्यांनी बघून कळत नाही, लॅबमध्ये नमुना द्यावा लागतो. एकदा का थरथरतं ब्लेड त्यातून फिरवलं की तंतू हवेत जातात, डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांचा आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी समोर येतो, तेव्हा कुठल्या कामावर लागला हेही आठवत नाही. तसलं निघालं तर ते आपण करायचं काम नाही, परवाना असलेल्या लोकांचं आहे.

ॲसबेस्टॉस नसलं तरी टाईलखालचं सिमेंट खरवडलं की सिलिकाची धूळ उडते. साधा कापडी मास्क त्याला अडवत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन९५ तरी घ्या, दाढी असेल तर तो नीट बसत नाही हे लक्षात ठेवा. झाडू मारायचा नाही, हेपा म्हणजे अगदी बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा व्हॅक्यूम. डोळ्यांना बंद गॉगल, कारण टाईलचे तुकडे वर उडतात. कानांना मफ. आणि मशीनच्या पुढे कुणी उभं राहायचं नाही, पट्ट्या गोळा करणारा माणूससुद्धा मशीन थांबल्यावरच पुढे.

नवी_फरशी

एवढं सगळं सांगितलंत, मनापासून आभार. ताई, ही फरशी २०१४ची आहे, मालकाकडे बिल आहे. पण पुढच्या महिन्यात आम्ही जे काम घेणार होतो ना, तिथे नऊ इंची टाईल आहे, एका कोपऱ्यातली उखडलेली, खाली काळंच काहीतरी होतं. तुमचं वाचून पोटात गोळा आला. मालकाला आत्ता फोन करून सांगितलं की नमुना तपासून आल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही.

वायर दीडची निघाली, रीळवर अर्धी गुंडाळलेली. ब्लेड खोललं, पांढरी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत.

रंधा_करवत

मी लाकडी जमिनीवर हे मशीन जास्त चालवतो म्हणून तेवढं सांगतो, पुढे कधी प्लायवूडवर काम आलं तर लागेल. लाकडावर उलटं, धारेचा उतार खाली ठेवायचा, मग ब्लेड लाकडात घुसण्याऐवजी वर सरकत राहतं. सांध्यांवरून तिरकं जायचं, सांध्याच्या समोरून सरळ धडकलात तर प्लायचा कोपराच उचलला जातो. आणि खिळे, स्टेपल आधी ठोकून आत घाला नाहीतर उपटा, एका खिळ्याने नव्या ब्लेडला खाच पडते आणि मग ती खाच प्रत्येक फेरीत गोंदाची एक रेघ मागे सोडत जाते.

गोंदाबद्दल माझा अनुभव, मऊ चिकट गोंद ब्लेडला लागून परत जमिनीवर थापला जातो, त्यावर पाण्यात थोडा साबण घालून स्प्रेने हलकं दवासारखं मारायचं, थोडं मुरू द्यायचं, मग तो ब्लेडला कमी धरतो.

वायर_आणि_होल्डर

विजेच्या मशीनखाली पाणी, मला हे पटत नाही रंधाभाऊ. मारायचंच असेल तर अगदी दवासारखंच, डबकं दिसलं की काम बंद, केबलचे जोड जमिनीवर नकोत आणि ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबून खात्री करूनच. आणि कुणी थिनर, पेट्रोल असलं काही गोंदावर ओतू नका, मोटरची एक ठिणगी पुरते.

रंधा_करवत

मान्य आहे. लाकडावर तर पाणी मी मारतच नाही, फक्त काँक्रीटवर.

पाना_सोळा

देखभालीचं राहिलं होतं. बोटांना मुंग्या येणं हलक्यात घेऊ नका, रोज तासन्‌तास थरथर हातात गेली तर पुढे थंडीत बोटं पांढरी पडायला लागतात आणि वाढलं की ते सहसा पूर्ण बरं होत नाही. हँडल घट्ट आवळून धरायचं नाही, वीस-पंचवीस मिनिटांनी दोघांनी आलटून पालटून चालवायचं. आणि थरथर अचानक वाढली असेल तर मशीनमध्येच कारण शोधा. प्लग काढून हँडल आणि डोक्याच्या मधले रबरी बुश बघा, तडकलेले किंवा चपटे झाले असतील तर बदला. मग ब्लेड बसतं ते पुढचं डोकं दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवून बघा, खटखट लागली तर एक्सेंट्रिकचं, म्हणजे ब्लेडला थरथर देणाऱ्या आडकेंद्री चाकाचं, बेअरिंग गेलंय, तसंच चालवलं तर ते शाफ्ट घेऊन जाईल. सील बेअरिंगला ग्रीस देता येत नाही, ते बदलायचंच. ग्रीसचं निपल दिसलं तर मात्र तिथे द्या, पण पुसून घेऊन, नाहीतर धूळही आत जाते.

या मशीनचे बोल्ट स्वतःच्याच थरथरीने सैल होतात, म्हणून ब्लेड बदललं की प्रत्येक वेळी पाना फिरवायची सवय लावा. संध्याकाळी डोक्यावरचा गोंद ओला आहे तोवर काढा, सकाळी तो दगड होतो आणि ब्लेड सरळ बसतच नाही. मोटरच्या जाळ्यांतली धूळ व्हॅक्यूमने ओढा. कार्बन ब्रशची, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांची, मोटर असेल तर ते काढून लांबी बघा, जळका वास कधी कधी त्याचाही असतो.

ब्लेडला परत धार लावता येते, पण उताराच्याच बाजूने आणि घाई न करता, ग्राइंडरवर धार निळी पडली की तिचं पाणी गेलं, पाच मिनिटांत बोथट होणार. कामावर मी पाच-सहा धारदार ब्लेडं घेऊनच जातो. नेताना-आणताना ब्लेड काढलेलं, वजनं उतरवलेली, आणि गाडीत चढवायला दोन माणसं.

नवी_फरशी

आज परत कामावर गेलो होतो ते सांगतो. अडीचची नवी केबल, पूर्ण उलगडून. आठ इंची नवं ब्लेड, उतार वर. आधीचं ब्लेड काढताना बघितलं तर तेच उलटं बसवलेलं होतं, विकणाऱ्याने बहुतेक लाकडावर वापरलं असावं. डोक्याचे चारपैकी दोन बोल्ट हाताने फिरत होते, आणि डाव्या बाजूचा रबरी बुश मधोमध फाटलेला. बुश मिळायला दोन दिवस लागले म्हणून काम आजपर्यंत थांबवलं होतं, मालक कुरकुरला पण ऐकलं त्याने.

सकाळपासून तीन ब्लेडं बदलली, दर वेळी रेघ बघूनच, आणि लाल बटण एकदाही दाबावं लागलं नाही. गोंद पूर्ण निघतोय, भाऊ एका हाताने ढकलतोय असं म्हटलं तरी चालेल, मोटर कोमट. मुंग्या कमी आहेत पण गेल्या नाहीत, म्हणून उद्या मी जास्त वेळ चालवणार आणि तो पट्ट्या कापणार. दुपारी परत एक पट्टी अडकली, तर भाऊ स्वतःच मागे गेला, प्लग काढला, खांद्यावर टाकला आणि मग पक्कड मागितली.

पाना दादा, ब्रश बघितले, एक दुसऱ्यापेक्षा बराच झिजलाय, साधारण निम्मा. एकच बदलू की जोडी?

पाना_सोळा

जोडीच बदला, नेहमी जोडीच. आणि नवे घातल्यावर दहा मिनिटं ब्लेड उचलून रिकामं चालवा, ब्रश बसले की मग लोड द्या.