स्वतः खेळत असलेल्या प्रसंगाचा निवाडा ॲडमिनने करावा का?

रात्रपाळी

नमस्कार. ‘जीटीए 5’ या संगणक खेळासाठीच्या फाइव्हएम या व्यासपीठावर, प्रत्येकाने एकेक पात्र वठवायचे अशा एका रोलप्ले सर्व्हरवर मी दोन वर्षांपासून मॉडरेटर आहे. रात्री साठ-सत्तर खेळाडू असतात, बहुतेक मराठी आणि हिंदी बोलणारे. सर्व्हरची व्यवस्था पाहणारे आम्ही सात जण आहोत आणि सगळे हौसेने, बिनपगारी काम करतो. गेल्या आठवड्यातल्या एका प्रकारावरून आमच्यात दोन तट पडले आहेत आणि त्यावरचे अपील ऐकण्याचे काम माझ्या गळ्यात आले आहे, म्हणून इथल्या जाणत्यांचे मत हवे आहे.

सराफी पेढीवरच्या दरोड्याचा प्रसंग चालू होता. पेढीला पोलिसांचा वेढा होता, आत एक ओलीस होता आणि पळून जायला गाडी मिळावी म्हणून वाटाघाटी चालल्या होत्या. दरोडेखोरांपैकी एकाचे पात्र बोलता बोलता थिजले, बंदूक तशीच रोखलेली राहिली आणि थोड्या वेळाने ते नाहीसे झाले. तो खेळाडू जळगाव जिल्ह्यातल्या एका गावातून खेळतो आणि त्याच्या सांगण्याप्रमाणे वादळी पावसात वीज गेली होती. वेढा घालणाऱ्या निरीक्षकाची भूमिका आमचेच एक ॲडमिन करत होते. प्रसंग संपल्यावर दहा मिनिटांच्या आत त्यांनी ‘कॉम्बॅट लॉगिंग’चा, म्हणजे पकडले जाऊ नये म्हणून मुद्दाम खेळातून बाहेर पडल्याचा, ठपका ठेवून त्याला सात दिवस बॅन केले.

खेळाडूही धुतल्या तांदळासारखा नाही. पोलिसांच्या बाजूने खेळणाऱ्या एकाचे थेट प्रक्षेपण पाहून त्यांच्या जागा ओळखल्याबद्दल, म्हणजे मेटागेमिंगबद्दल, त्याला पूर्वी दोनदा ताकीद मिळाली आहे. अपिलाचे तिकीट, म्हणजे लेखी अर्ज, त्याने दुसऱ्या दिवशी दुपारी उघडले आणि त्याची सुरुवातच शिवीने केली.

माझे प्रश्न दोन आहेत. वीज गेल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची, की तो मुद्दाम पळाला हे दाखवण्याची आमची? आणि ज्या प्रसंगात आपण स्वतः उतरलो होतो, त्याचा निवाडा ॲडमिनने करणे योग्य आहे का?

सातबारा

आधी सर्व्हरची नोंद उघडा, मग जबाबदारीचे बोलू. खेळाडू स्वतः बाहेर पडला तर त्याचे पात्र लगेच नाहीसे होते आणि नोंदीत कारणही तसेच पडते. वीज किंवा नेट गेले तर मात्र सर्व्हरला ते तत्काळ कळत नाही. तो वाट पाहत राहतो, तोवर पात्र पुतळ्यासारखे उभे असते, आणि अखेरीस ‘टाइम्ड आउट’ असे कारण लिहिले जाते. तुम्हीच ‘थिजले’ आणि ‘थोड्या वेळाने’ असे लिहिले आहे, तेव्हा वर्णनावरून तरी हा दुसरा प्रकार दिसतो. अर्थात राउटरची वायर ओढणाऱ्याच्या नावावरही हीच नोंद पडते, म्हणून एवढ्यावरून तो निर्दोष ठरत नाही. पण जी नोंद पाहायला दोन मिनिटे लागतात, ती न पाहता सात दिवसांचा बॅन देणे ही ॲडमिनची चूक आहे आणि ती खेळाडूच्या शिवीने पुसली जात नाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते सरळ ‘नाही’ असे आहे, आणि ते ॲडमिनच्या सचोटीवर अवलंबून नाही. आइसलँडच्या सीसीपी कंपनीच्या ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळात 2007 मध्ये कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने आपल्या पात्रासाठी दुर्मीळ आराखडे नियमबाह्य मार्गाने मिळवल्याचे उघड झाले. तो ज्या आघाडीत खेळत होता ती आधीच बलाढ्य होती, त्यामुळे तिने प्रामाणिकपणे मिळवलेल्या विजयांवरही संशयाची सावली पडली. कंपनीने कर्मचाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी अंतर्गत विभाग नेमला आणि 2008 मध्ये खेळाडूंनी निवडून दिलेले मंडळ स्थापन केले. पगारी कर्मचाऱ्यांच्या कंपनीला जिथे एवढे करावे लागले, तिथे रात्री अकराला निरीक्षक आणि सव्वाअकराला न्यायाधीश होणाऱ्या आपल्या मित्राकडून आपण कोणत्या तटस्थतेची अपेक्षा करतो?

एक किरकोळ पण उपयोगी सूचना. तुमचा कारभार डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर असेल, तर कोणी कोणाला कोणता अधिकार दिला याची तिथली नोंद 45 दिवसच टिकते. जुनी प्रकरणे उकरली जाण्याआधी ती उतरवून ठेवा.

फौजदार_बाबू

मी वेगळ्या सर्व्हरवर ॲडमिन आहे, त्यामुळे माझे मत एकतर्फी वाटले तर चालेल. सगळी जबाबदारी कर्मचाऱ्यांवर टाकण्याची इथे सवय लागली आहे. दरोड्याच्या एका प्रसंगात बारा-पंधरा माणसे दीड तास घालवतात. त्यातला एक जण गेला की बाकीच्यांची रात्र वाया जाते. पावसाळ्यात आपल्याकडे वीज जाते हे त्या खेळाडूला ठाऊक नव्हते का? आकाशात ढग असताना बंदूकधाऱ्याची मुख्य भूमिका घ्यायची, अंधार झाल्यावर मोबाइलवरून एका ओळीचा निरोप टाकायचा नाही, आणि दुसऱ्या दिवशी शिवी देत यायचे, याला काय म्हणावे? ओबीएस या पडदा चित्रित करणाऱ्या प्रोग्रामचा रिप्ले बफर चालू ठेवला की शेवटची काही मिनिटे जपता येतात, तेही हे लोक करत नाहीत.

शिवाय आम्ही फुकट राबतो. ‘अल्टिमा ऑनलाइन’ या खेळात नवख्यांना मदत करणारे स्वयंसेवक होते, त्यांच्यापैकी काहींनी ‘आम्ही केलेले काम म्हणजे नोकरीच आहे, तेव्हा वेतन द्या’ म्हणून 2000 साली कंपनीला न्यायालयात खेचले. त्यांची बाजू मला पटते. खेळाडूंना न्यायालयासारखी रीत हवी असते, मात्र ती चालवायला माणसे किती आणि त्यांची झोप किती, हे कोणी विचारत नाही.

जुना_टर्मिनल

फौजदार, झोपेचा मुद्दा मान्य. पण वीज गेलेल्या माणसाच्या रिप्ले बफरमध्ये काय उरणार, हे जरा सांगा. तो बफर संगणकाच्या मेमरीत असतो आणि विजेबरोबर तोही जातो. मोबाइलवरून निरोप टाकता आला असता हे मात्र खरे. पावसात टॉवरही बंद पडला नसेल तर.

रात्रपाळी, तुमच्या प्रश्नाचे मूळ चित्रे नसलेल्या, केवळ मजकुरावर चालणाऱ्या खेळांइतके जुने आहे. झेरॉक्सच्या पार्क संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी 1990 मध्ये लॅम्डामू नावाचे जग उभारले. तिथल्या ॲडमिनना ‘विझर्ड’ म्हणत. रोजच्या तंट्यांना कंटाळून त्यांनी 1992 च्या अखेरीस जाहीर केले की यापुढे आम्ही फक्त यंत्रणा सांभाळू, सामाजिक भांडणे तुमची तुम्ही मिटवा. काही महिन्यांतच, 1993 मध्ये, एका खेळाडूने छोटा प्रोग्राम वापरून इतरांची पात्रे जणू स्वतःच ओंगळ कृत्ये करत आहेत असे वाक्यांमागून वाक्ये दिवाणखान्यात छापली. ज्यांची ती पात्रे होती ते हताशपणे वाचत बसले. त्याला हद्दपार करावे का यावर खेळाडूंची मोठी सभा झाली, तासन्‌तास चालली आणि ठराव न करता उठली. मग एका विझर्डने, कोणी अधिकृतपणे सांगितलेले नसताना, एकट्याने त्याचे खाते पुसून टाकले.

मला यातला पुढचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यानंतर तिथे अर्ज आणि मतदानाची पद्धत सुरू झाली आणि खेळाडूंनी ठरवलेले विझर्डांनी अमलात आणायचे असे ठरले. ती पद्धतही भांडणांत रुतली, आणि 1996 मध्ये विझर्डांनी कबूल केले की निव्वळ तांत्रिक असा निर्णय नसतोच, तेव्हा सामाजिक निर्णयही आम्हाला घ्यावे लागतील. ज्याच्या हाती बॅनचे बटण आहे, त्याने ते दाबले नाही तरी तोही निर्णयच असतो. तुमच्या ॲडमिननी घाई केली हे खरे, पण उद्या घाबरून कोणीच काही केले नाही, तर तुमचे खेळाडू त्या दिवाणखान्यातल्यांसारखे बसून राहतील.

कोजागिरी

चर्चा दरोड्याभोवती फिरते आहे, पण जबाबदारीचा सर्वांत अवघड भाग तिथे नसतो. मी बाई आहे हे आवाजावरून कळते. एका सर्व्हरवर माझ्या पात्राला ओलीस धरल्यावर, पोलीस येऊन गेल्यानंतरही, दोघांनी प्रसंग लांबवत नेला आणि संवाद हळूहळू पात्राशी न राहता माझ्याशी होऊ लागले. तिथल्या नियमानुसार पात्राबाहेरचे बोलणे निषिद्ध, आणि प्रसंग अर्धवट सोडला तर तेही कॉम्बॅट लॉगिंग. मी सोडला. मला तीन दिवसांचा बॅन मिळाला आणि अपिलात उत्तर आले की भूमिकेत घडलेले भूमिकेतच सोडवा.

म्हणून कॉम्बॅट लॉगिंगचा नियम लिहितानाच त्याला दार ठेवायला हवे. कोणीही ठरलेला एक शब्द उच्चारला की प्रसंग थांबेल, कारण विचारले जाणार नाही, आणि नंतर त्याची चौकशी प्रसंगात नसलेली व्यक्ती करील. या सवलतीचा गैरफायदा घेऊन अटक चुकवणारे निघतील हे मला कळते; अशा चार जणांची अटक टळली तरी हरकत नाही. आणि रात्री बाराला आवाज न फुटलेली मुले तुमच्या सर्व्हरवर ओलीस धरली जात असतील, तर तेही बघा. ती जबाबदारी खेळाडूंवर ढकलता येणार नाही.

रात्रपाळी

सर्वांचे आभार. नोंद पाहिली. कारण ‘टाइम्ड आउट’ असेच आहे, आणि रात्री 1 वाजून 12 मिनिटांनी त्याने पुन्हा आत येण्याचा प्रयत्न केल्याचेही दिसते. तेव्हा त्याला फक्त बॅनची पाटी दिसली असणार. घरची वायर ओढणारा माणूस दोन तास थांबला नसता असे मला वाटते, पण हा अंदाजच आहे, आणि अंदाजाचा फायदा त्याला दिला पाहिजे असे मी ठरवले. कॉम्बॅट लॉगिंगचा ठपका काढला आहे. शिवीबद्दल वेगळा एक दिवसाचा बॅन ठेवला आहे, आणि तो त्याने तक्रार न करता मान्य केला.

ॲडमिनना हे पटलेले नाही. त्यांचे म्हणणे असे की आपण सात जण, रात्री जागे असणारे दोन, आणि ते दोघेही बहुधा त्याच प्रसंगात; मग निवाडा करायचा कोणी? हे खोटे नाही. तूर्तास एवढेच ठरले आहे की प्रसंगात असलेल्याने फार तर त्या रात्रीपुरते निलंबन करावे आणि दुसऱ्या दिवशी तिसऱ्याने नोंद पाहून शिक्षा ठरवावी. सात दिवसांचा बॅन देण्याचा अधिकार एकट्याकडून काढून घेतला आहे.

कोजागिरी, तुमचा प्रतिसाद मी आमच्या गटात जसाच्या तसा वाचून दाखवला. थांबण्याच्या शब्दाला विरोध झाला नाही, पण शब्द कोणता ठेवावा यावर गाडी अडली आहे. ‘थांबा’ चालत नाही, कारण आमचे पोलीस दर दोन मिनिटांनी तेच ओरडतात. रागात असो की घाबरलेले असो, चटकन तोंडात येईल आणि प्रसंगात सहसा उच्चारला जाणार नाही असा एखादा मराठी शब्द तुम्हाला सुचतो का?