फ्लटर ॲपची ब्लूटूथशी नेटिव्ह जोडणी : आयफोनवर चालते, अँड्रॉइडवर कोसळते

प्रश्न

आमचे फ्लटर ॲप (एकाच डार्ट कोडवरून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींसाठी बनवलेले) नाडीचे ठोके मोजणाऱ्या ब्लूटूथ पट्ट्याकडून आकडे घेते. तयार प्लगिन न घेता ब्लूटूथचा भाग (नेटिव्ह बाजू) मी स्वतः अँड्रॉइडसाठी कोटलिन आणि आयफोनसाठी स्विफ्टमध्ये लिहिला असून डार्टशी बोलण्यासाठी एकच मेथडचॅनल, म्हणजे पलीकडची मेथड बोलावण्याचा मार्ग, ठेवले आहे. डार्टने ‘कनेक्ट’ मागितले की नेटिव्ह बाजू जोडणी करून रिझल्ट परत देते. पुढे प्रत्येक नवा आकडा तीच बाजू इन्व्होकमेथडने डार्टकडे पाठवते. आयफोनवर हे सुरळीत चालते. अँड्रॉइडवर मात्र पहिला आकडा येताच ॲप बंद पडते आणि ही मेथड मुख्य थ्रेडवरच (ॲपचा पडदा हाताळणाऱ्या धाग्यावरच) चालवली पाहिजे, अशी तक्रार लॉगमध्ये दिसते. आकडे पाठवणे तात्पुरते बंद करून पाहिले, तर पट्टा दूर जाऊन पुन्हा जोडला गेल्यावर ‘रिप्लाय ऑलरेडी सबमिटेड’ (उत्तर आधीच दिले आहे) ही दुसरीच चूक आली. दोन्हीकडची रचना सारखी असताना हा फरक का पडावा?

उत्तर १

रचना सारखी आहे, पण कॉलबॅक (घटना घडल्यावर यंत्रणा बोलावते ते फंक्शन) कोणत्या थ्रेडवर येतो हे सारखे नाही. आयओएसवर सीबीसेंट्रलमॅनेजर (ब्लूटूथ सांभाळणारा क्लास) तयार करताना क्यू (कामांची रांग) म्हणून ‘निल’ दिले असेल, तर त्याचे सगळे कॉलबॅक मुख्य क्यूवरच येतात. म्हणजे तुमचे स्विफ्ट नकळत नियम पाळत आहे. तिथे वेगळी क्यू दिलीत, तर आयफोनवरही हेच दुखणे सुरू होईल. अँड्रॉइडवर ब्लूटूथगॅटकॉलबॅक सहसा बाइंडर थ्रेडवर (मुख्य थ्रेडहून वेगळ्या) येतो आणि चॅनलवरून डार्टला संदेश पाठवायचा तर तो मुख्य थ्रेडवरूनच जावा लागतो. तेव्हा लूपर.गेटमेनलूपर देऊन एक हँडलर (दिलेले काम मुख्य थ्रेडवर नेणारा) करा आणि पाठवण्याची ओळ त्याच्या पोस्टमध्ये ठेवा. फक्त तेवढीच ओळ. बाइट उलगडण्याचे काम मुख्य थ्रेडवर ढकलण्याचे कारण नाही.

दुसऱ्या चुकीचे मूळ वेगळे आहे. ‘कनेक्ट’चा रिझल्ट तुम्ही एखाद्या व्हेरिएबलमध्ये धरून ठेवला असणार आणि ऑनकनेक्शनस्टेटचेंज हा कॉलबॅक आला की त्यावर सक्सेस म्हणत असणार. तो कॉलबॅक प्रत्येक जोडणीला आणि तुटण्याला येतो, रिझल्टला मात्र एकदाच उत्तर देता येते. उत्तर देताच व्हेरिएबल नल करा. जोडणी झालीच नाही, तर एरर परत द्यायला विसरू नका, नाहीतर डार्टमधला अवेट (उत्तराची वाट पाहणारी ओळ) तसाच अडकून राहतो आणि लॉगमध्ये एक अक्षरही उमटत नाही. माझ्या मते कोसळण्यापेक्षा ही गप्प राहणारी चूक जास्त छळते.

उत्तर २

वरील उत्तर बरोबर आहे, तरी आकड्यांसाठी मी मेथडचॅनल ठेवणार नाही. एका मागणीला एक उत्तर असेल तिथे ते शोभते. नेटिव्ह बाजू आपणहून बोलत राहणार असेल, तर इव्हेंटचॅनल (एकामागून एक संदेश पाठवण्याचा मार्ग) घ्या. त्यात ऑनलिसनला आकडे सुरू करायचे आणि ऑनकॅन्सलला थांबवायचे, त्यामुळे पडदा बंद झाल्यावरही पट्टा बोलत राहण्याचा प्रकार टळतो. मुख्य थ्रेडचा नियम इव्हेंटसिंकलाही (ज्यातून हे आकडे पाठवले जातात) लागू आहे, म्हणून हँडलर काढू नका.

प्रश्नकर्ता

दोन्ही चुका गेल्या, आभार. कोटलिन बदलल्यानंतर नुसते हॉट रीलोड (चालू ॲपमध्ये फक्त डार्टचे बदल भरणे) केल्यामुळे मिसिंगप्लगिनएक्सेप्शन (नेटिव्ह बाजू सापडत नसल्याची चूक) दिसत राहिले आणि त्यात अर्धा तास गेला. ॲप पूर्ण बंद करून नव्याने बिल्ड केल्यावर ते थांबले. आता एकच अडचण उरली आहे : आलेखाचा पडदा उघडला की मुख्य पडद्यावरचा आकडा गोठतो. दोन्ही पडदे आपापल्या ठिकाणी रिसीव्हब्रॉडकास्टस्ट्रीम (आकड्यांचा प्रवाह, म्हणजे स्ट्रीम, देणारी मेथड) बोलावतात.

उत्तर २

गोठण्याचे कारण तेच. नावात ब्रॉडकास्ट असले, तरी प्रत्येक वेळी बोलावल्यावर नवा स्ट्रीम मिळतो आणि चॅनलच्या एका नावामागे डार्टमध्ये संदेश घेणारा एकच हँडलर राहत असल्यामुळे दुसरा स्ट्रीम पहिल्याची जागा घेतो. स्ट्रीम एकदाच तयार करून सर्व्हिस क्लासमध्ये ठेवा आणि दोन्ही पडद्यांना तोच ऐकू द्या.

उत्तर ३

डार्टकडून कोटलिनकडे पूर्णांक पाठवत असाल, तर आणखी एक खड्डा आहे. ३२ बिटांत मावणारा आकडा तिकडे इंट म्हणून पोहोचतो आणि २,१४,७४,८३,६४७ च्या पुढचा लाँग म्हणून. त्यामुळे थेट लाँगमध्ये कास्ट केलेला (आकडा लाँगच आहे असे धरून चालणारा) कोड मिलिसेकंदांतल्या आजच्या वेळेवर चालतो आणि ५००० या टाइमआउटवर कोसळतो. नंबर म्हणून घेऊन टूलाँग करा. चॅनलवरच्या मेथड वाढणार असतील, तर पिजन हे कोड तयार करणारे साधन वापरलेले बरे. दोन्ही बाजूंचा कोड एकाच व्याख्येतून तयार होतो आणि नावांतल्या व प्रकारांतल्या चुका बिल्डच्या वेळीच पकडल्या जातात.