प्रति: नाइटनंतरची झोप
नाइट ड्युटीनंतरच्या झोपेच्या या चर्चेत, नवीन सिस्टरांनी (नर्सेसनी) रोज ध्यान करावं, असं वर कुणीतरी सुचवलंय. करा की! पण मेच्या नागपुरात, ४५ अंशांत, नाइट करून आल्यावर आधी झोप तर लागायला हवी. खिडकीला जाड काळा पडदा लावा, घरी जाताना गॉगल घाला (सकाळचं ऊन मेंदूला जागं करतं) आणि रात्री दोननंतर चहा बंद. आणि मेडिकल, मेयो (नागपूरची सरकारी रुग्णालयं) किंवा खाजगी, कुठंही नोकरीला असा, एक लक्षात ठेवा. वॉर्डातला पहिला मृत्यू पाहिल्यावर हॅण्डओव्हर देऊन (पुढच्या पाळीकडे पेशंट सोपवून) तडक निघू नका, एखाद्या सिनियर सिस्टरजवळ बोला. घरच्यांना ते सांगून कळत नाही. फारच जड गेलं तर टेली-मानस, ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मेट्रनच्या (नर्सेसच्या प्रमुखांच्या) कानावर जाईल ही भीती नको, तो फोन तुमच्या हॉस्पिटलात लागत नाही.