घर सोडताना मागे राहिलेला छंद: तुमचं काय झालं?

पागोळी

लेकीला सुरतकलच्या एनआयटीत प्रवेश मिळाला. पुढच्या आठवड्यात ठाण्याहून मत्स्यगंधा एक्स्प्रेस. हॉलमध्ये बॅगा उघड्या पडल्यात आणि बादली-मग, मेतकूट, दोन गोधड्या अशी यादी रोज वाढतेय. त्या यादीत तबला नाही. "नको गं आई," एवढंच म्हणाली आणि चार्जर शोधायला लागली.

नऊ वर्षं वाजवतेय. तबल्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झालीय. दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात, त्यामुळे तिच्या वर्गात एकेकाळी बसायला सतरंजी पुरायची नाही. अकरावीला तिघं उरली, त्यातली एक ही. मग जेईईच्या क्लासपायी आठवड्यातून दोनदाचं एकदा झालं, एकदाचं 'परीक्षा झाल्यावर बघू' झालं. परीक्षा झाली. कुणी काही बघितलं नाही.

खरं सांगू का, तिला फार वाईट वाटलेलं दिसत नाही. मलाच वाटतंय. संध्याकाळी आतल्या खोलीतून 'धा धा तिट धा धा तूं ना' यायचं, माझ्या पोळ्या त्या लयीत लाटून व्हायच्या. म्हणून विचारतेय. शिकायला घराबाहेर पडताना तुमचं काय मागे राहिलं? ठरवून ठेवलंत की राहून गेलं? आणि तबला पाठवावा का, तेही सांगा.

एरंडेल

ताई, माझा छंद बॅगेत मावणारा नव्हताच. पुरलेला मल्लखांब. साताऱ्यात पाचवीपासून बारावीपर्यंत रोज संध्याकाळी सहा ते आठ. खांबाला एरंडेल चोळायचं, पकडीला राळेची पूड. तो वास अंगातून जायचा नाही, आई माझे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. मांडीची आणि काखेखालची कातडी लाकडाला घासून घासून जाड झालेली असायची, आम्ही एकमेकांना ती अभिमानाने दाखवायचो.

१९९८ ला पुण्याला इंजिनिअरिंगला आलो. मनात सोडलं वगैरे काही नव्हतं. दिवाळीला घरी जायचंच होतं, तेव्हा करू. गेलो. खांबाला नमस्कार केला, दसरंगाची उडी घेतली, खांदा वर गेला आणि कंबर आलीच नाही. चार महिन्यांत मेसच्या भाताने पाच किलो चढवले होते. दुसऱ्या प्रयत्नात मांडी सोलून निघाली. समोर मॅटवर बसलेली पाचवी-सहावीची पोरं एरवी कुणी आपटलं की खिदळतात, त्या दिवशी हसली नाहीत. ते जास्त लागलं.

पोहणं, सायकल माणूस विसरत नाही म्हणतात. मल्लखांबाचं तसं नाही. डोक्याला सगळं आठवतं, कातडी विसरते. त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मैदानाच्या रस्त्यानेसुद्धा गेलो नाही, लांबचा फेरा घालून बाजारात जायचो. आता मुलाला सोडायला जातो. बाकावर बसतो, निघताना खांबाला हात लावतो, चढत नाही.

तबल्याचं मला काही कळत नाही, क्षमस्व.

स्पष्टच

मी उलटं सांगते. सात वर्षं भरतनाट्यम, आणि होस्टेलला गेल्यावर पहिल्या रविवारी सकाळी दहापर्यंत झोपले तेव्हा कळलं की मला ते कधीच आवडत नव्हतं. घुंगरू मावशीच्या मुलीला दिले. पश्चात्ताप शून्य. पागोळीताई, तुमची लेक 'नको' म्हणाली ना? मग नको.

जुनं पाकीट

पोस्टाची तिकिटं. १९८९ साली नागपूरहून मुंबईला मेडिकलला गेलो, तोवर जवळपास दोन हजार जमली होती.

जग मला तिकिटांनी शिकवलं. 'हेल्वेशिया' म्हणजे स्वित्झर्लंड, 'सुओमी' म्हणजे फिनलंड, 'मॅग्यार पोस्टा' म्हणजे हंगेरी. हे शोधायला अॅटलास घेऊन बसायचो. ब्रिटनच्या तिकिटावर तर देशाचं नावच नसतं, तेव्हा नुसतं राणीचं डोकं. शेजारच्या काकांच्या ऑफिसातून पाकिटं यायची. कोपरा कापायचा, कोमट पाण्यात टाकायचा, तिकीट आपोआप सुटून वर आलं की चिमट्याने उचलून वर्तमानपत्रावर पालथं वाळत घालायचं. पंखा लावायचा नाही. उन्हाळ्यात नागपुरात पंखा लावायचा नाही म्हणजे काय, ते नागपूरकरांना सांगायला नको. पॉकेटमनी साठला की थोडी कोरी, गोंदवाली तिकिटंही विकत घ्यायचो. ती खरी इस्टेट.

जाताना दोन्ही अल्बम ट्रंकेत घालून ट्रंक कपाटावर चढवली. हरवतील म्हणून नेली नाहीत. होस्टेलवर आईची पत्रं यायची ती निळ्या अंतर्देशीयावर, त्यावरचं तिकीट छापीलच, काढायचं काय? दोन-तीन वर्षांत मीही कुणाच्या पाकिटाकडे बघेनासा झालो.

इंटर्नशिप संपवून आलो तेव्हा ट्रंक काढली. गच्चीचा कोपरा गळत होता, ते कपाट ओल धरून बसलं होतं. कोरी तिकिटं स्वतःच्याच गोंदाने पानांना चिकटून बसलेली, काही एकमेकांना. एकही धड निघालं नाही. आणि वापरलेली, ज्यांचा गोंद मी लहानपणीच धुऊन टाकला होता, ती जवळजवळ सगळी शाबूत. पैसे मोजून घेतलेली गेली, फुकटची राहिली. बाबा म्हणाले, "सांगायचं होतंस, मी दर महिन्याला उघडून वारा दिला असता." मी त्यांना सांगितलंच नव्हतं.

पागोळीताई, तबला न्या अगर ठेवा, पण ठेवणार असाल तर तो कसा ठेवायचा ते लेकीकडून विचारून घ्या.

डावा हात

तबलावाला हजर. जर्मनीत आखेनला मास्टर्सला आलो तेव्हा सामान दोन बॅगा, तेवीस-तेवीस किलो. पितळी डग्गाच तीन-साडेतीन किलोचा. आईने तो काढून प्रेशर कुकर ठेवला, मी कुकर काढून डग्गा ठेवला, असं रात्रभर चाललं. शेवटी डग्गा जिंकला म्हणायचा, कारण तो पाच लिटरचा ठरला होता तो तीनचा आला आणि डग्ग्याच्या पोटात मसाल्याच्या पुड्या भरल्या. (नाही, पुडी म्हणजे वरचं चामडं उतरवून नाही. चुंबळीच्या पोकळीत आणि आजूबाजूला. विनोद केला, पण गुरुजी हे वाचत असतील.)

इथे हिवाळ्यात खोलीतला हीटर हवा इतकी कोरडी करतो की पुडी आपोआप ताणते. रात्री काळी दोनच्या सुरात मिळवलेला तबला सकाळी त्याच्या वरच्या पांढरी तीनकडे सरकलेला. चढला की बाजूचे लाकडी गट्ठे वर सरकवून उतरवायचा, आणि झोपण्याआधी जरा सैलच सोडायचा, नाहीतर एखाद्या पहाटे वादी, म्हणजे पुडी ताणणारी चामड्याची पट्टी, तटकन तुटते. माझी तुटली. वादी ओढून देणारा इथे कुठून आणू?

शिवाय रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद, रविवारी दिवसभर. लॅब संपवून खोलीवर यायला नऊ वाजायचे. मग उशीवर रियाज. उशीवर 'तिट' आणि 'तिरकिट' दोन्ही सारखेच लागतात, म्हणजे लागतच नाहीत. दुसऱ्या सेमिस्टरला तबल्यावर मोजे वाळत होते.

सुरतकल म्हणजे समुद्र आणि तिथला पाऊस. तिथे उलटं होईल, पुडी रोज उतरलेली मिळेल. पहिल्या सत्राला पाठवू नका. पढंत करू द्या, म्हणजे बोल नुसते तोंडाने म्हणणं. मी अजून बसस्टॉपवर उभा राहून ती करतो, ओठ हलताना बघून लोक एक सीट सोडून बसतात.

सांजवात

आमचं गोव्याकडचं भजन. पेटीवर मी, पखवाजावर भाऊ. पुण्याला आल्यावर पेटीला हात नाही. पण वास्कोचा सप्ताह चुकवत नाही. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दामोदराच्या देवळात २४ तासांचं अखंड भजन असतं, आमच्या गटाला पहाटेची वेळ मिळते. वर्षात एक पहाट. बोटं अडखळतात, झांजांच्या आवाजात झाकून जातं.

चहाचा डाग

होस्टेलवर तबला नेणारा मी. पहिल्याच गणपतीत आरतीला बाहेर काढला. सगळ्यांनी वाजवला, एकाने त्यावर कप ठेवला. शाईचे, म्हणजे मधल्या काळ्या गोलाचे, पापुद्रे निघायला लागले की तबला कांस्यासारखा नाही, डब्यासारखा वाजतो. नेणार असाल तर खोलीतल्या मुलींना दिसू देऊ नका, इतकंच.

पाणथळ

गोंदियाची. माझा पक्षी बघायचा छंद मागे राहिलाच नाही, दुर्बीण आणि वही एवढंच तर लागतं. धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी बघत वाढले, मुंबईत येऊन ठाणे खाडीवर रोहित (फ्लेमिंगो) बघितले. तरी जूनमधली सारसगणना दोन वर्षं परीक्षेने बुडाली. घरून भाऊ फोन करून आकडा सांगतो, मी तो वहीत लिहिते, पण वेगळ्या शाईने. स्वतः मोजलेला नाही ना.

पागोळी

सगळ्यांचे आभार. जुनं पाकीट, तुमचं वाचून रात्रीच लेकीला विचारलं. मला वाटलं खांदे उडवेल. तिने मोबाइल खाली ठेवला आणि बोलत सुटली. माळ्यावर अजिबात नाही, वर स्लॅब तापतो. तिच्या पलंगाखाली, भिंतीपासून हातभर लांब. तबला सैल करून ठेवणार, तो मी सुरात मिळवायला जायचं नाही. शाईला कुणाचं बोट नको, बाबांचं तर नकोच. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी गवसणी काढून मऊ कापडाने पुसायचा, थोडी टाल्कम पावडर, उन्हात ठेवायचा नाही.

"आणि रोज बघू नकोस उघडून," म्हणाली.

नंतर माझी जुनी सुती साडी मागून घेतली आणि स्वतःच गुंडाळला. तबल्याची हातोडी बॅगेत गेली की गवसणीत राहिली, ते मी विचारलं नाही. पावडर आणायची आहे अजून.