मदत हवी आहे: आतड्याच्या कॅन्सरचा रिपोर्ट, एमएलएच१ 'नाही' आणि सीईए नॉर्मल

बाबांची (वय ७१) मोठ्या आतड्यातली उजव्या बाजूची गाठ ऑपरेशनने काढली. रिपोर्टमध्ये टी३ एन०, म्हणजे दुसरी स्टेज. खाली इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीच्या (गाठीत कोणती प्रथिनं आहेत ते रंगवून पाहणारी तपासणी) चार ओळी आहेत: एमएसएच२, एमएसएच६ आहेत, एमएलएच१, पीएमएस२ नाहीत. सर्जन म्हणाले, "हे चांगलंच आहे, केमो बहुधा लागणार नाही." आणि लगेच एक जनुकीय तपासणीही लिहून दिली. चांगलं असेल तर पुढची तपासणी कशाला? मागे पेशंटांची रांग, विचारायचं राहून गेलं. इकडे मामा म्हणतात, केमो टाळू नका.

दुसरं, सीईए, म्हणजे कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी. ऑपरेशनआधी २.४ होता, म्हणजे नॉर्मल. तरी तो ठरावीक महिन्यांनी करत राहायला सांगितलंय. गाठ अंगात असताना जो वाढला नाही, तो आता काय सांगणार? त्यापेक्षा सीए १९-९ ही तशीच दुसरी रक्ततपासणी करावी का? डॉक्टर बदलायचे नाहीत, पुढच्या भेटीत काय विचारायचं एवढं कळलं तरी पुरे.

स्लाइडवाली:
पॅथॉलॉजीत आहे, पण तुमची स्लाइड पाहिलेली नाही, हे लक्षात ठेवून वाचा.

डीएनएची नक्कल होताना राहिलेल्या चुका ही चार प्रथिनं दुरुस्त करतात. पीएमएस२ टिकतं ते एमएलएच१च्या आधाराने, म्हणून एमएलएच१ गेलं की दोन्ही दिसेनाशी होतात. बिघाड दोन नाहीत, एकच आहे. अशा गाठीत चुका साठत जातात आणि त्यामुळेच प्रतिकारशक्तीला ती परकी म्हणून ओळखू येते. दुसऱ्या स्टेजला या गाठी उलटण्याचं प्रमाण कमी असतं, शिवाय नुसत्या फ्लुरोयुरासिलचा (नेहमीचं केमोचं औषध) त्यांत फायदा दिसलेला नाही. मामांची काळजी समजते, पण सर्जन बरोबर वाटतात. टी४ असता (गाठ आतड्याचं बाहेरचं आवरण भेदून किंवा शेजारच्या अवयवात गेलेली) किंवा आतडं फुटलं असतं तर चर्चा वेगळी झाली असती.

ती जनुकीय तपासणी बहुधा ब्राफ व्ही६००ई (ब्राफ जनुकातला एक ठरावीक बदल) किंवा एमएलएच१च्या मेथिलेशनची (जनुक रासायनिक खुणेने बंद पडणं) असेल. त्यात काही सापडलं तर बिघाड बहुतेक करून गाठीपुरताच. दोन्ही नसलं तर लिंच सिंड्रोमची (कॅन्सरचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) शंका, मग रक्तावरची आनुवंशिक तपासणी आणि गरज पडल्यास तुम्हा भावंडांची कोलोनोस्कोपी. खरं तर हा प्रश्न बाबांपेक्षा तुमचा जास्त आहे.

टिंबटिंब:
सीईएबद्दल. गोल्ड आणि फ्रीडमन यांनी तो १९६५ मध्ये शोधला, पण निदानासाठी कच्चाच निघाला. सुरुवातीच्या स्टेजला अनेकांचा नॉर्मल असतो आणि आतड्याचा कॅन्सर नसतानाही वाढू शकतो. उपयोग आहे तो पाठपुराव्यात. आधी नॉर्मल असलेल्यांपैकीही काहींचा, आजार परत आल्यावर, वाढतो, म्हणून सोडू नका. मात्र एका आकड्यावर घाबरायचं नाही: वाढलेला दिसला तर पुन्हा करून खात्री करतात, मग स्कॅन. ठरलेले सीटी आणि कोलोनोस्कोपी त्याने टळत नाहीत. सीए १९-९ मात्र सोडा. काहींच्या शरीरात लुईस प्रतिजनच (रक्तगटासारखी एक जन्मजात खूण) नसतो, त्यांच्यात सीए १९-९ जवळपास तयारच होत नाही.

धागाकर्ता:
दोघांचे आभार, मामांनाही वाचून दाखवतो. एकच राहिलं: बाबा अजून चोरून सिगारेट ओढतात. सीईएवर फरक पडतो?

टिंबटिंब:
पडतो, ओढणाऱ्यांचा थोडा वरच असतो. यकृताच्या आजारातही वाढतो. म्हणून दर वेळी एकाच लॅबमध्ये करा, पद्धत बदलली की आकडाही बदलतो. आणि सिगारेटचं डॉक्टरांना सांगा, बाबा समोर बसलेले असले तरी.