मदत हवी आहे: कन्साइनमेंटच्या (अडत्याकडे विक्रीला पाठवलेल्या मालाच्या) गणितात नॉर्मल आणि अ‍ॅबनॉर्मल दोन्ही लॉस आले तर?

बी.कॉम.च्या मुलांना मराठीत अकाउंट्स शिकवणाऱ्या बेळगाव-निपाणीकडच्या मंडळींना विचारतोय.

समजा संकेश्वरहून पुण्याच्या अडत्याकडे मिरचीची 200 पोती गेली, दर 5,000, गाडीभाडं 20,000. वाटेत 10 पोती गहाळ. अडत्याने 190 पोत्यांवर 5,700 हमाली दिली. अ‍ॅबनॉर्मल लॉस (नेहमीच्या घटीपलीकडचं नुकसान) पोत्यामागे भाड्यासह 5,100 च्या दराने 51,000. इथवर ठीक. मुलं चुकतात ती हमालीत: ती गहाळ पोत्यांवरही वाटतात. हमाली फक्त पोहोचलेल्या मालाची, म्हणून 10,20,000 मधून 51,000 वजा जाऊन उरलेले 9,69,000 घ्यायचे, आणि (9,69,000 + 5,700) भागिले 190, म्हणजे 5,130. न विकलेली 40 पोती शिल्लक धरली, तर त्यांचे 2,05,200.

आता अडचण. याच गणितात ‘माल वाळून 2 टक्के नॉर्मल घट’ एवढंच दिलं, घट वाटेत की गोदामात ते सांगितलंच नाही, तर 2 टक्के 200 वर धरायचे की 190 वर? मी 190 वर धरून उत्तरात तसं गृहीतक लिहायला सांगतो, कारण घटीची किंमत चांगल्या मालानेच सोसायची असते. पण तपासणारे हे मान्य करतात का? राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिकेत असं गणित कुणी सोडवलं असेल, तर वर्किंग नोटसकट फोटो टाका. इंग्रजी-कन्नडमधलं असलं तरी चालेल, मराठी मी करून घेईन.