अकरावी विज्ञानला पीकशास्त्र घ्यावे का?

कोरडवाहू (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)
माझी मुलगी यंदा दहावी उत्तीर्ण झाली असून तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेला प्रवेश घेत आहे. तेथे द्विलक्षी (बायफोकल) अभ्यासक्रमात पीकशास्त्र हा २०० गुणांचा विषय आहे आणि तो घेतल्यास द्वितीय भाषा व गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक विषय सोडावा लागतो. पुढे बी.एस्सी. कृषी करण्याचा तिचा मानस आहे. आमची सहा एकर कोरडवाहू जमीन असून तीत पऱ्हाटी (कपाशी), तूर आणि सोयाबीन असते. घरच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे एकच : "वावरात जाले कॉलेज कायले पायजे?" माझी काळजी वेगळी आहे. या विषयामुळे तिच्या पुढच्या वाटा बंद तर होणार नाहीत ना, आणि घरच्या शेतीला उपयोगी पडेल असे काही ती दोन वर्षांत खरोखर शिकेल का? जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त मास्तर (वाशीम)
मी बरीच वर्षे हाच विषय शिकवला, त्यामुळे माझे मत थोडे पक्षपाती समजावे. गणित सोडले तर अभियांत्रिकीची आणि जीवशास्त्र सोडले तर वैद्यकीयची वाट बंद होते. कृषी पदवीला मात्र भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राबरोबर दोहोंपैकी कोणताही एक विषय चालतो.

आता उपयोगाविषयी. सोयाबीनचे टरफल अतिशय पातळ असते. मळणीयंत्र वेगाने फिरले किंवा पोते जोरात आपटले गेले तरी आतला अंकुर दुखावतो, आणि वरून दाणा मात्र टपोराच दिसतो. म्हणून आम्ही दरवर्षी मृगापूर्वी मुलांना घरचे बियाणे आणायला सांगत असू. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडायचे, दुसरे गोणपाट टाकून गुंडाळी करायची, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडायचे आणि सहा-सात दिवसांनी अंकुर मोजायचे. ७० किंवा अधिक उगवले तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. कमी उगवले तर त्या प्रमाणात वाढवावे लागते. एका विद्यार्थ्याच्या दाण्यांपैकी ४६ च उगवले, तेव्हा त्याच्या वडिलांनी ते सगळे पोते विकून टाकले आणि दुबार पेरणीचा खर्च वाचवला. प्रवेशाआधी आपण एवढेच पाहावे की, महाविद्यालयाकडे प्रात्यक्षिकासाठी जमीन आहे का आणि तिच्यात काही पेरलेले दिसते का.

सातव्या सत्रातली (अकोला)
मास्तरांचा शेवटचा मुद्दा मला फार लागला. मी ज्या महाविद्यालयात पीकशास्त्र शिकले तेथे प्रक्षेत्र, म्हणजे प्रात्यक्षिकाचे शेत, केवळ कागदावर होते; आदल्या वर्षीच्या मुलींच्या नोंदवह्या उतरवून आम्ही प्रात्यक्षिके "पूर्ण" केली. गुलाबी बोंडअळीचे चित्र मी रंगीत पेन्सिलींनी सुरेख काढले होते, पण डोमकळी, म्हणजे अळीने पाकळ्या आतून जाळ्याने गुंफल्यामुळे न उमललेले फूल, उघडून पाहिली ती पदवीच्या ग्रामीण कृषी कार्यानुभवात. आता आम्ही शेतकऱ्यांना हेक्टरी ५ कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढून घेणारे) लावायला सांगतो आणि एका सापळ्यात सलग तीन रात्री दर रात्री ८ पतंग आढळले तरच फवारणीचा निर्णय घेतो. ही मोजणी सोळा वर्षांची मुलगी सहज करू शकते. आपल्या मुलीने जीवशास्त्र ठेवून गणित सोडावे, असे मी सुचवीन. पदवीला त्याचाच आधार अधिक मिळतो.

खारपाणपट्टा (अकोट)
माझे मत थोडे विरोधी आहे. कृषी पदवीचा प्रवेश सीईटीतून होतो आणि सीईटीत पीकशास्त्राचा एकही प्रश्न नसतो, हे आधीच ध्यानात घ्यावे. बारावीचे पीकशास्त्र दाखवून कृषी सेवा केंद्राचा परवानाही मिळत नाही. त्यासाठी पदविका किंवा पदवी लागते. सातबारा नावावर असलेल्या कुटुंबांतील मुलांना प्रवेशात भारांक (वाढीव गुण) असतो, तेव्हा ती कागदपत्रे आताच नीट करून ठेवावीत. तलाठ्याकडे ऐनवेळी धावपळ करणारे पालक मी दरवर्षी पाहतो.

असे असले तरी २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते मी विसरलेलो नाही. डब्यावरचा लाल त्रिकोण सर्वाधिक विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा, हे आमच्या गावात फवारणी करणाऱ्या कित्येकांना त्या वर्षापर्यंत कुणी सांगितलेच नव्हते. घरात हे लेबल वाचणारे एक माणूस असावे, एवढ्या एका कारणासाठी मी माझा विरोध मागे घेतो.

कोरडवाहू
सर्वांचे आभार. गेल्या आठवड्यात महाविद्यालयात जाऊन आलो. वसतिगृहामागे चार गुंठ्यांचा तुकडा आहे. त्यात गेल्या हंगामातील तुराट्या (तुरीची वाळलेली खोडे) उभ्या होत्या आणि वखरणी झालेली नव्हती. सरांना विचारले, तेव्हा त्यांनी पावसाची वाट पाहत असल्याचे सांगितले आणि मुलांनी आणलेले मातीचे नमुने दाखवले. प्रत्येक पिशवीवर शेताचा गट क्रमांक व माती किती खोलीवरून घेतली ते लिहिलेले होते. जीवशास्त्र आणि पीकशास्त्र असा अर्ज भरला आहे.

मुलीने त्याच दुपारी घरच्या सोयाबीनचे १०० दाणे गोणपाटात बांधले. आज सातव्या दिवशी ६३ उगवलेले निघाले, म्हणजे एकरी ३३ किलोच्या वर बियाणे लागेल. माझ्या वडिलांना हा आकडा पटला नाही; त्यांनी गोणपाट पुन्हा उलगडून स्वतः मोजले.